डाव्या दिव्याचा गंज

नारायणराव कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही नारायणरावांतून निवृत्त झाली नाही. ती त्यांच्या मागोमाग घरी आली आणि थेट सुभद्राबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

कचेरी उघडायची वेळ झाली की नारायणराव कोट चढवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकत आणि चुलीकडे बघत बसत. डाळ आज उशिरा का चढली? तांदूळ कोणाला विचारून निवडले? मोहरी जिऱ्याच्या आधी पडली ती कोणत्या आधारावर? ताकवाल्या गोजरबाईकडे तर त्यांनी ताक पातळ असल्याबद्दल खुलासा मागितला. खुलासा म्हणजे काय ते गोजरबाईला ठाऊक नव्हतं, पण मागण्याची तऱ्हा तिला मानवली नाही. तिनं ती आळीच सोडली. तेव्हापासून सुभद्राबाई ताकासाठी नांदुऱ्याच्या स्टेशनापलीकडे चालत जात. खरं सांगायचं तर जाताना त्यांना बरंच वाटे. परत येताना पाय जड होत.

निरोपसमारंभात कचेरीनं नारायणरावांना एक गंज दिला होता. पितळेचा द्यायचं ठरलं होतं, मध्येच वर्गणी आटली आणि जर्मनवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर, निभावलं. पोटावर टिंबाटिंबांनी कोरलं होतं, ‘श्री. नारायणराव यांस सेवानिवृत्तीप्रीत्यर्थ सप्रेम भेट.’ आता वऱ्हाडातल्या कोणत्याही घरी गंजात वरण शिजतं. या गंजात काहीच शिजत नव्हतं. तो वरच्या फळीवर देवासारखा बसलेला असे. नारायणराव रोज त्याला खाली घेत, धोतराच्या सोग्यानं पुसत आणि अक्षरं बाहेर येतील असा परत ठेवत.

सुभद्राबाईंचा त्या गंजावर राग होता. माणसाला घरी बसवायचं आणि वर त्याच्या हातात रिकामं भांडं द्यायचं, ही कुठली रीत?

म्हणून रहेमतुल्ला ड्रायव्हर एक दिवस दारात येऊन, "बाबूजी, जिनिंगवाल्या शेठचा जुना ट्रक इकून राह्यले, भागीदारीत घ्याचा का?" असं म्हणाला, तेव्हा नारायणराव विचार करायला लागायच्या आत सुभद्राबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. दूध जास्त घालून.

ट्रक लढाईच्या काळातला. पुढच्या मडगार्डांवर दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. चालवणं आणि दुरुस्ती रहेमतुल्लाकडे, साहेबलोकांशी बोलणं नारायणरावांकडे, अशी वाटणी झाली. शेठचं म्हणणं एकच होतं: कापसाच्या गाठी हलायला लागतील तेव्हा पास झालेला ट्रक जिनिंगच्या फाटकाशी उभा पाहिजे. नाहीतर गाठी स्टेशनच्या मालधक्क्यावर न्यायला मलकापूरचा ट्रक लागेल, आणि मग सगळा हंगाम त्याचाच.

सुभद्राबाईंच्या लेखी प्रश्न याहून सोपा होता. ट्रक पास झाला तर हा माणूस दिवसभर धक्क्यावर उभा राहून गाठींकडे खुलासा मागेल. नापास झाला तर पाट आहेच.

पासिंगचा साहेब खामगावला कॅम्प लावून बसे. पहिल्या खेपेला ड्रायव्हरलोकांच्या रांगेत उभं राहणं हेडक्लार्कच्या इभ्रतीला शोभेना, म्हणून नारायणराव दूर एका लिंबाखाली, साहेबाला हाक मारावीशी वाटली तर दिसतील अशा बेतानं उभे राहिले. साहेबाला तसं काही वाटलं नाही. जे बोलणं झालं ते रहेमतुल्लाशी झालं, आणि घरी आलं तेही रहेमतुल्लाच्या तोंडून.

"बाकी सब ठीक हाय, बाबूजी. बिरेक पाह्यला, हारन पाह्यला. साहेब पुन्याकडचा हाय, बोलनं कडक, पन मानूस चांगला. फकत दिव्यापाशी आला, बोट लावलं अन् बोलला, ‘गंज काढून, रंगवून आणा. पुढच्या सोमवारी पास करतो.’ बस."

"गंज?" नारायणराव म्हणाले.

"हा असन." रहेमतुल्लानं दिव्याच्या काचेमागच्या वाटोळ्या पत्र्यावर टिचकी मारली. "आमी डब्बा म्हन्तो. पुन्यात गंज म्हनत असतीन."

नारायणरावांनी वाकून बघितलं. खोल, वाटोळा, काठ बाहेर वळलेला. बुडाला वायरीसाठी एक भोक, एवढं सोडलं तर तो गंजच होता. त्यांची मुद्रा गंभीर झाली. "शासकीय शब्द आहे," ते म्हणाले. "राज्य मराठी झालं. आता इंग्रजी नावं जाऊन एकेकाला मराठी नावं मिळताहेत. गंज. योग्य आहे."

झालं. पान्हे लागले, बोल्ट निघाले आणि दोन्ही गंज नारायणरावांच्या उपरण्यात बांधून अंगणात आले. रहेमतुल्लाच्या साळीचं लग्न होतं रोहिणखेडला, तो तिकडे गेला. जाताना म्हणाला, "बाजारातल्या पेंटरले द्या, बाबूजी."

"साहेबांनी आपल्याला सांगितलं आहे," नारायणराव म्हणाले. "पेंटरला नाही."

ट्रक दारातच उभा होता. दिव्यांच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. शेजारच्या सोजराबाई पाणी भरायला निघाल्या, त्यांनी ते बघितलं आणि घागर खाली ठेवली.

"सुभद्राबाई वो! हे काय करून ठेवलं? आंधळी गाडी दारात कोनी ठेवते का? घरातल्या मानसाची नजर जाते."

"त्यायची नजर गेली तं बरंच होईन, बाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "मंग मोहरी दिसनार नाई."

तरी सोजराबाईंनी ट्रकला लिंबू-मिरची बांधली, आणि डोळ्यांच्या जागी हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली. त्यानंतर भाजीबाजाराकडे जाणाऱ्या दोनतीन बाया ट्रकला हात जोडून गेल्या.

सोजराबाईंचे यजमान पंजाबराव हे आळीचे सल्लागार. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढताही येत नव्हतं. ते येऊन खाटेवर बसले, दोन्ही गंज उलटे-सुलटे करून बघितले आणि म्हणाले, "रंग कोन्ता देता?"

"काळा. पूर्वीपासून काळाच आहे."

"पूर्वी म्हंजे मध्यप्रदेशात!" पंजाबराव म्हणाले. "मंग द्वैभाषिक आलं, आता महाराष्ट्र. घर न हलवता तीन राज्यात राहून झालं आपलं. काळा रंग कोन्त्या राज्याचा हाय, पाह्यलं का तुमी? चुकीच्या राज्याचा रंग लावसान अन् गाडी जप्त होईन."

हे ऐकून एखादा साधा माणूस हसला असता. पण नारायणरावांची हयात परिपत्रकांत गेलेली. ते कोट घालून थेट आपल्या जुन्या कचेरीत गेले.

तिथं त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचाच हाताखालचा अर्जुनराव बसला होता. तो उठला, नमस्कार केला, "बसा ना," म्हणाला आणि बाकड्याकडे बोट दाखवलं. त्या बाकड्याचा एक पाय आखूड होता. नारायणरावांनीच तो कधी दुरुस्त करू दिला नव्हता, म्हणजे आलेली माणसं फार वेळ टिकत नाहीत. ते जपून बसले. बाकडं कलंडलं. ते सावरले. बाकडं दुसऱ्या अंगाला कलंडलं. बऱ्याच वेळानं अर्जुनरावानं मान वर केली. "साहेब, रंगाचे कागद नागपूरहून मुंबईला गेले आहेत, मुंबईहून यायचे आहेत. उद्या या."

‘उद्या या’ म्हणताना ‘या’ थोडा लांबवायचा आणि नजर परत कागदात घालायची, ही तऱ्हा नारायणरावांनीच त्याला शिकवली होती. घरी येऊन ते कोणाशी बोलले नाहीत. सुभद्राबाईंनी न विचारता भाकरीवर तूप जास्त वाढलं.

रंग शेवटी काळाच ठरला, कारण पंजाबरावांच्या माळ्यावर काळ्या रंगाचा अर्धा डबा पडून होता. पण तो घट्ट झाला होता.

"तेल टाका," पंजाबराव म्हणाले. "जवसाचं. रंग जवसाच्याच तेलात बनते."

नारायणराव स्वयंपाकघरात गेले, बरणी उचलली, वास घेतला आणि तेल ओतलं. सुभद्राबाई तेव्हा ताकाला गेल्या होत्या. ती बरणी जवसाची नव्हती, शेंगदाण्याच्या तेलाची होती, हे त्यांना परत आल्यावर कळलं. तोवर दोन्ही गंज काळेभोर होऊन उन्हात चमकत होते आणि नारायणराव हात मागे बांधून त्यांच्याकडे बघत होते. वर्षभरात त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान कोणी बघितलं नव्हतं. सुभद्राबाईंनी बरणी गुपचूप जागेवर ठेवली. म्हणाल्या, "लय छान झाले."

हे त्यांनी बोलायला नको होतं असं त्यांना पुढं वाटलं. पण बायकोनं काही वेळेला खरं बोलायचं नसतं.

शेंगदाण्याच्या तेलातला रंग वाळत नाही. तो त्या दिवशी वाळला नाही, दुसऱ्या दिवशी वाळला नाही. त्यात जिनिंग सुरू झालेली. हंगामात नांदुऱ्याच्या हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. नाकात जातात, पापडांवर बसतात. ते गंजांवर बसले आणि तिथंच राहिले. तिसऱ्या दिवशी दोन्ही गंजांना पांढरीशुभ्र दाढी आली.

"माहे आबाजी असेच दिसत," सोजराबाई म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

"पुसून काढतो," नारायणराव म्हणाले. पुसल्यावर दाढीचा लगदा झाला. पंजाबरावांनी लगदा बोटानं चाचपला आणि दुसरा सल्ला दिला. "रॉकेल शिंपडा अन् काडी लावा. रंग जळते, पत्रा राह्यते. लोखंडच हाय ते."

सुभद्राबाई आडव्या आल्या. "म्या म्हन्लं, असं काही करू नका. काऊन जाळता? आनखी काही होऊन बसन."

"तांत्रिक बाब आहे," नारायणराव म्हणाले.

तांत्रिक बाब भक्कन पेटली. शेंगदाण्याचं तेल, रॉकेल आणि कापूस हे तिघे एकत्र आले तर काय होतं ते समईला विचारा. जाळ पेरूच्या फांदीपर्यंत गेला. नारायणराव कोटासह मागे पाटीवर बसले. पाटीत शेण होतं. आणि सल्ला देणारे पंजाबराव कुंपणावरून पलीकडे गेलेले दिसले. सोजराबाईंनी मात्र दारची भरलेली घागर उचलून जाळावर ओतली. फुस्स झालं, वाफ झाली, आणि वाफ निवळली तेव्हा उजवा गंज शाबूत होता. डाव्याचं बूड आधीच जंगानं खाल्लेलं. सुभद्राबाईंनी तो काठीनं उचलला, तर काठ काठीत आणि बूड राखेत.

उद्यावर कॅम्प आलेला.

नारायणराव पाटावर जाऊन बसले. कोट काढलेला, नजर चुलीत. डाळ उशिरा चढली, ते काही बोलले नाहीत. सुभद्राबाईंनी मुद्दाम मोहरी आधी टाकली. तरी नाही.

मग मात्र त्यांचा धीर सुटला. ओरडणारा नवरा त्यांना नको होता हे खरं. पण हा न ओरडणारा तर मुळीच नको होता.

रोहिणखेडहून परतलेला रहेमतुल्ला अंगणात बसून राख चिवडत होता. "नवा डब्बा अकोल्यालेबी भेटत नाई, भाभी. लढाईच्या वक्ताचा माल हाय."

सुभद्राबाईंनी उरलेला उजवा गंज उचलला. वीत लावून तोंड मोजलं, वीत लावून खोली मोजली. मग ती वीत तशीच ताणलेली ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाय उंचावले, आणि वरच्या फळीवरच्या गंजाला ती लावून बघितली.

बरोबर बसली.

"तो नाही," पाटावरून आवाज आला. "तो सप्रेम भेट आहे."

"हाव ना," सुभद्राबाई म्हणाल्या. "वर्ष झालं, रिकामा बसला हाय बिचारा. त्यालेबी वाटत असन ना, कुठं तरी कामाले जावं म्हनून."

चुलीत लाकूड तडकलं. नारायणराव उठले, गंज हातात घेतला, सोग्यानं पुसला आणि अंगणात जाऊन रहेमतुल्लापुढे ठेवला. "भोक बुडाला पाड," ते म्हणाले. "अक्षरांना धक्का नको."

या खेपेला रंग बाजारातल्या पेंटरनं दिला.

सोमवारी ट्रकमध्ये सुभद्राबाईही चढून बसल्या. "माह्या फळीवरचा गंज चालला, मी बी येतो," एवढंच म्हणाल्या आणि भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं.

कॅम्पवर नारायणराव सवयीनं लिंबाखाली जाऊन उभे राहिले. साहेब तरुण, चष्मेवाला. उजव्या दिव्यावर बोट फिरवून म्हणाला, "छान. गंज काढलात."

"हाव साहेब. दोन्ही काढले होते," रहेमतुल्ला म्हणाला.

साहेब डाव्या दिव्याकडे वळला आणि थांबला. काळ्या रंगाखालून टिंबं वर आली होती. तो वाकून वाचायला लागला. "श्री. नारायणराव यांस... सेवानिवृत्ती... हे काय आहे?"

रहेमतुल्ला खोटं बोलत नसे. "गंज हाय, साहेब."

"अजून गंज आहे?"

"हाव."

"मग काढला का नाही?"

"काढला होता. पुन्हा बसवला."

"गंज पुन्हा बसवला?"

"हा दुसरा हाय, साहेब. पयला जळला."

"गंज जळतो कसा हो?"

"रॉकेलनं."

साहेबानं चष्मा काढून पुसला. मागच्या रांगेतले ड्रायव्हर पुढं सरकले. "हे बघा," साहेब म्हणाला, "दिव्याला गंज असेल तर मी ट्रक पास करणार नाही."

"अन् गंज नसन तं दिवा कायच्यात ठेवाव, साहेब?"

सुभद्राबाईंच्या डोळ्यांपुढे पाट दिसायला लागला. त्या खाली उतरल्या आणि तडक लिंबाकडे गेल्या. "जा ना आता! उभे काय राह्यले? तुमचं नाव हाय त्याच्यावर."

नारायणराव सावलीतून बाहेर आले, तोच साहेबानं चिडून मडगार्डाच्या खालच्या अंगाला नख घातलं आणि तांबडा कण सगळ्यांपुढं धरला. "हा! याला म्हणतात गंज!"

"याले?" रहेमतुल्ला म्हणाला. "हे तं जंग हाय."

सुभद्राबाई नवऱ्याकडे बघत होत्या. नारायणरावांच्या चेहऱ्यावरून ती दाढी, तो जाळ आणि ती शेणाची पाटी एकामागून एक जाताना त्यांना दिसली. आता हा माणूस रहेमतुल्लावर घसरेल, नाहीतर साहेबाकडे खुलासा मागेल, आणि दोन्हीकडून ट्रक बुडेल.

नारायणरावांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "आपण ज्याला गंज म्हणता, त्याला आम्ही जंग म्हणतो. आम्ही ज्याला गंज म्हणतो, त्यात वरण शिजवतो. आपण गंज काढायला सांगितला, आम्ही भांडंच काढलं. चूक माझी. मी तेव्हा त्या झाडाखाली उभा होतो. हा डावा गंज मला कचेरीनं निरोपाला दिला. जर्मनचा आहे." त्यांनी घसा साफ केला. "या गंजाला गंज चढत नाही."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले, चष्मा हातातून पडला, आणि मागची सगळी रांग हसायला लागली. रहेमतुल्ला हसला. नारायणराव हसले नाहीत. पण मिशी जरा हलली, असं सुभद्राबाई पुढं कित्येक वर्षं शपथेवर सांगत.

"अहो," साहेब डोळे पुसत म्हणाला, "काचपेपरचा तुकडा घेऊन घासायचं होतं हो नुसतं. घटकाभराचं काम!" त्यानं दिवे लावायला सांगितले. उजवा लागला. डावा लागला, आणि उजव्यापेक्षा कणभर जास्तच उजळ लागला. आतून जर्मन लखलखत होतं ना. "पास," साहेब म्हणाला.

सुभद्राबाई लिंबाच्या बुंध्याला टेकून खालीच बसल्या. गाठोडं सोडलं आणि पहिली भाकर रहेमतुल्लाला दिली.

गाठी हलायला लागल्या त्या दिवशी नारायणराव कोट घालून कचेरीच्याच वेळेला घराबाहेर पडले. ट्रक आळीच्या तोंडाशी वळला, हॉर्न वाजला, आणि घर एवढं शांत झालं की चुलीवरच्या वरणाचा बुडबुडा ऐकू आला. सुभद्राबाईंनी पाट उचलून भिंतीला उभा केला. फोडणीत जिरं आधी टाकलं, मोहरी मागून. काही बिघडलं नाही.

दुपारी सोजराबाई निरोप घेऊन आल्या. "गोजरबाई पुसून राह्यली, तुमचे मालक दिवसा घरी राह्यतेत का म्हने?"

"सांगा तिले, धक्क्यावर राह्यतेत."

दिवेलागणीला ट्रक परत आला. अंगाला कापूस चिकटलेला, कोटावर गाठींची धूळ, आणि आवाज बसलेला: दिवसभर हमालांना गाठी कशा रचायच्या ते सांगून. नारायणराव उतरले, डाव्या दिव्यापाशी गेले, धोतराच्या सोग्यानं अक्षरं पुसली आणि मग घरात आले.

सुभद्राबाईंनी ताट वाढलं, शेजारी ताकाचा पेला ठेवला. गोजरबाईचं ताक, पहिल्यासारखंच पातळ. नारायणरावांनी पेला उचलला, उजेडाकडे धरून आत बघितलं.

ते सगळं ताक प्यायले. मिशी पुसली.

"आणखी आहे?" ते म्हणाले.